शेवटची पानं

"पुढं काय झालं त्या माणसाचं?" युनूस दर वेळी विचारायचा.

लोणावळ्याच्या बंगल्यात साफसफाई करताना जीनतला ती प्रेमकथा सापडली होती. तिच्यातल्या नायकालाही युनूससारखेच कानात नसलेल्या माणसांचे आवाज यायचे, म्हणून ती नवऱ्याला रोज थोडी वाचून दाखवायची.

"शेवटची पानं फाटलीत," ती सांगायची.

आज ती कामावरून कान्ह्याला घरी परतली, तर तिनंच फाडून पेटीत जपलेली पानं युनूसच्या मांडीवर होती. त्यानं ती वाचली होती. त्यांत बायकोच्या प्रेमानं नायक खडखडीत बरा झाला होता.

"मी बी लय जीव लावते तुमाला," जीनत घाबरून म्हणाली.

"व्हय. त्या बाईपरीस तू लय केलंस," युनूस म्हणाला. "मंग मीच का गं बरा हुईना?"