दहा मिनिटांची उकळी

भर दुपारी तिसऱ्यांदा उलटी झाल्यावर दत्तोजीराव न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसले. अंबुबाईंनी त्यांचं तोंड पुसलं, गोळी देऊन निजवलं, आणि शेजारच्या विशालाक्षीला जवळ बसवून त्या वैद्यांकडचा काढा आणायला गेल्या. परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती आणि नवऱ्याचं पोट शांत झालं होतं.

पाच-सहा महिने हे असंच चाललं होतं. महिन्यातून दोनदा तरी, आणि तेही गुरुवारीच. दत्तोजीरावांनी आधी नळाच्या पाण्याला दोष दिला, मग वयाला.

छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. सरस्वतीपुरमच्या त्या घरात प्रत्येक गोष्टीची वेळ तेच ठरवत. भाजी आणायलासुद्धा अंबुबाई एकट्या जात नसत. एकुलती एक जयलक्ष्मी परजातीत लग्न करून त्याच शहरात बोगादीला राहायला गेली, त्या दिवशी त्यांनी बायकोला बजावलं होतं, की या घरातलं कुणी तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही. त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या लेखी तो विषय मिटला होता.

शेवटी ते डॉक्टर सत्यनारायणांकडे गेले. डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं सगळं खोदून विचारलं, तेव्हा ज्या गुरुवारी पोट बिघडतं त्या दिवशी जेवणात राजम्याची हुळी, म्हणजे आंबट आमटी, असते, हे निघालं. घरात आणखी कुणाला त्रास होतो का, असं त्यांनी विचारलं. बायकोचा गुरुवारी उपास असतो, दत्तोजीराव म्हणाले.

"राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, सर," डॉक्टर म्हणाले. "दाणा अर्धवट शिजला तर ते नष्ट होत नाही. चार-पाच दाण्यांनीसुद्धा उलट्या होतात. रात्रभर भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचा. नुसत्या मंद आचेवर ठेवून भागत नाही."

दत्तोजीराव खुशीत घरी आले. बायकोला स्वयंपाकघरात समोर उभं करून त्यांनी वर्गात शिकवावं तसं सगळं समजावलं, दोनदा वदवून घेतलं, आणि मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद ओट्यावर चिकटवला. बिचारीला कुठलं शास्त्र माहीत असणार, असं त्यांनी विशालाक्षीलाही ऐकवलं. अंबुबाईंनी कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "सरी, बरं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी ताटात हुळी आली. दाणा बोटांनी दाबला तर लोण्यासारखा विरघळला. दत्तोजीरावांनी दोनदा वाढून घेतली आणि घड्याळ समोर ठेवून आरामखुर्चीत बसले. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. पोटात साधी कळही आली नाही.

त्यांनी बायकोला हाक मारली. "बघितलंस? सांगायला कुणीतरी हवं होतं, एवढंच."

अंबुबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "आईनं मला बाराव्या वर्षीच शिकवलं होतं हे."

दत्तोजीराव हसले. "मग इतके दिवस काय झालं होतं?"

अंबुबाईंनी हातातली घडी पुरी केली.

"जयू मंगळवारी जर्मनीला गेली, लेकराला घेऊन," त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला आजारी पाडून मी जाऊ कुठं?"