समजूतदार ब्रेकर

जळालेल्या पॅनेलपुढे उकिडवं बसून इंजिनीअरने अंगठ्याने काजळी पुसली. खालून ब्रेकरची चकती निघाली आणि चकतीवरचा काटा. शॉर्टसर्किट झालं की किती वेळ थांबून वीज तोडायची, ते हा काटा ठरवतो. आराखड्यात इंजिनीअरने लिहिलं होतं, शून्य दशांश दोन सेकंद. काटा एक सेकंदावर होता.

त्याच्या जिवात जीव आला. कारखान्याच्या आगीत अकरा माणसं गेल्यावर असा जीव येणं बरं दिसत नाही, पण आला. तीन दिवस तो एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होता. हिशेब बरोबर होता. शून्य दशांश दोन सेकंदांसाठी केबल पुरेशी होती. पूर्ण सेकंदासाठी दुप्पट जाड हवी होती. तेवढ्या वेळात ती विस्तवासारखी तापली आणि जिन्याच्या भिंतीवरून पेटत वर गेली. जिना एकच होता.

"सापडलं का काही, साहेब?"

दारात कारखान्याचा वायरमन उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. त्याची बायको दुसऱ्या मजल्यावर पिशव्या शिवायची.

"हा काटा कुणी फिरवला?"

"मीच की." चांगल्या कामाची कबुली द्यायला माणूस वेळ लावत नाही. "फार चिडका होता हो ब्रेकर. कॉम्प्रेसर सुरू झाला की हा रुसून बसायचा. मशिनं बंद, आणि मॅनेजर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मग त्याला जरा समजूतदार केला. वर्षभरात एकदा ट्रिप झाला असेल तर शपथ."

इंजिनीअर उठला. गुडघे कडकन वाजले.

"एक विचारू? खरं सांगा," वायरमन आत आला. "केबल बारीक होती का? सासू रोज विचारते, तू तिथलाच वायरमन, मग झालं कसं? काय सांगू तिला?"

तेवढ्यात नाकाला रुमाल लावून चौकशी अधिकारी आले. त्यांच्या तक्त्यात आगीच्या कारणासाठी एकच ओळ होती. एका ओळीत न मावणारी कारणं कार्यालयाला चालत नसत.

"बोला, थोडक्यात बोला," अधिकारी म्हणाले. "जागा एवढीच आहे."

इंजिनीअरच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याने चकतीकडे पाहिलं, मग त्या पट्ट्यांकडे.

"केबल बारीक होती," तो म्हणाला. "चूक माझी."

"वा!" अधिकाऱ्यांनी लिहिलं. ओळीत बसून वर दोन बोटं जागा उरली. इंजिनीअरने सही केली.

वायरमन तीन दिवसांत पहिल्यांदा रडला. हातांना पट्ट्या, म्हणून डोळे दंडाला पुसले.

"एवढं शिकलेला माणूस तुम्ही," तो म्हणाला, "आणि एवढं कळलं नाही?"

इंजिनीअरने मान खाली घातली. वायरमन निघाला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"पलीकडच्या शेडमधल्या केबलचं मापसुद्धा तुम्हीच काढून दिलं होतं ना? ती तेवढी आधी जाड करून घ्या, पाया पडतो. माझी थोरली पोर तिथेच मशिनवर बसलीय आत्ता. बाकी ब्रेकरची काळजी करू नका, तिथलाही काटा मी शेवटपर्यंत फिरवून ठेवलाय."

इंजिनीअरने अधिकाऱ्यांच्या हातातला कागद ओढून घेतला.

"का हो, साहेब?" वायरमनने विचारलं. "काही लिहायचं राहिलं का?"