एका मताचा फरक

"पुन्हा मोजा," रॉडी मकिनन म्हणाला.

मतपेट्या तिसऱ्यांदा उपड्या केल्या. आकडा तोच निघाला. डंकन हॅलकेट एका मताने पडला होता.

पडला तोही एका बाईकडून. थोरा हॅल्डर्सन तळ्याकाठच्या, आइसलँडहून आलेल्यांच्या वस्तीतली विधवा सुईण. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात बायकांना मताचा हक्क मिळाल्यावरची ही पहिलीच निवडणूक, आणि तो हक्क देऊ नये म्हणून विधानसभेत तीन तास बोलला होता तो हॅलकेटच.

वीस वर्षं वकिली करून तो राजकारणात आला होता. चर्च, राजा, रविवारची सुट्टी, जुनं ते सगळं टिकावं एवढंच त्याचं म्हणणं. लोक त्याच्यावर चिडत, पण तो खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शेवटच्या सभेत थोराने भाषण केलंच नाही. विनिपेगच्या इस्पितळाकडे नेताना वाटेतच दगावलेल्या अकरा बाळंतिणींची नावं तिने वाचली.

"बाई, शोकसभा नंतर घ्या," हॅलकेट उठून म्हणाला. "आज मतं मागायची आहेत."

सभागृह खदखदून हसलं. पण आपलं तासाभराचं भाषण त्याने दहा मिनिटांत आटोपलं; बोलताना दोनदा त्याची नजर थोराच्या हातातल्या नावांच्या कागदाकडे गेली.

आता निकालाच्या दुसऱ्या दिवशी रॉडी हॅलकेट नवराबायकोच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता. चौदा वर्षं तो हॅलकेटचा प्रचार सांभाळत होता.

"गावात काय बोलतायत, ऐकलंत ना वहिनी?" तो इसोबेलला म्हणाला. "हॅलकेटला घरच्याच मताने पाडलं म्हणे."

इसोबेलने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. "मी यांनाच मत दिलं."

"पडद्याआड कोण बघतंय?"

"रॉडी, पुरे," हॅलकेट म्हणाला.

"बरं, राहिलं. पण तळ्याकाठच्या सहा जणांची नागरिकत्वाची कागदपत्रं कच्ची आहेत. कोर्टात जाऊ. ती मतं बाद झाली की जागा आपली. हे मी तुम्हाला शिकवायचं का?"

"अर्ज करायचा नाही."

"का पण?"

"ती निवडून आली आहे."

रॉडी उठला. "चौदा वर्षं राबलो ते यासाठी?" टोपी घेऊन तो निघून गेला. दार त्याने उघडंच टाकलं.

इसोबेलने जाऊन ते लावलं. परत येऊन ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"तुम्हालाही तसंच वाटतं का? म्हणून कोर्टात जात नाही? माझं नाव निघेल म्हणून?"

"नाही."

"आज चर्चच्या पायरीवर दोघी जणी मला बघून गप्प झाल्या. तुम्ही तरी खरं बोला. माझ्यावर विश्वास आहे?"

"विश्वासाचा प्रश्नच नाही. तुझ्या मताने मी पडलो नाही हे मला पक्कं माहीत आहे. रविवारी चर्चमध्ये उभा राहून मी सगळ्यांना सांगणार आहे."

"काय सांगणार?"

हॅलकेटने ताट बाजूला सारलं.

"तिला मत मी दिलं, इसोबेल."