जाळीतली सोयरीक

“पोट्टीनं तुले पसंत केलं,” जाळीला तोंड लावून धुरपताबाई म्हणाली. “आता तू नाही म्हणू नको.”

जाळीच्या आतल्या बाजूला तिचा नातू उभा होता. धम्मदीप. वय बावीस. मोटारसायकली चोरणाऱ्यांबरोबर सापडला, तेव्हापासून जेलात. खटला अजून उभा राहायचा होता. आईबाप कधीचेच गेलेले. जे मित्र होते, ते जामिनावर सुटले आणि याला विसरले. भेटीच्या दिवशी मोहाडीहून एसटीनं आजी तेवढी यायची. लुगडं धुतलेलं, मान ताठ. शिपायानं ‘ए म्हातारे’ म्हटलं, तर ‘तुही माय काय जवान बसली हाये का रे?’ म्हणून त्यालाच विचारायची. बराकीत त्याला आडनावानं हाक मारत. त्याचं नाव आता फक्त तिच्या तोंडी उरलं होतं.

आज तीही सोडून जाणार होती. कारण आज त्याला तिच्यापुढं खरं बोलावंच लागणार होतं.

“मले लगन नाही करायचं, आजी.”

“काहून? कलेक्टर होऊन राहिला का तू?”

बराकीत रक्त तपासणीवाल्या बाई आल्या होत्या, ते धम्मदीपला आठवलं. हा आजार कशानं होतो, असं त्यांनी विचारलं, तर पोरं खी खी हसली. निरोध दाखवला, तर लोळायची बाकी राहिली. मग बाईंनी विचारलं, सुटल्यावर काय करायचं ठरवलं? तेव्हा कोणी हसलं नाही. धम्मदीप हायवेच्या ढाब्यावर कामाला होता तेव्हा दोस्त नेतील तिकडं जायचा, ज्या दारात नेतील त्या दारात. जपून राहा म्हणणारं कोणी भेटलं असतं, तर कोणासाठी, असं त्यानं उलट विचारलं असतं.

त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या. गोळी चुकवली नाही तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, असं बाई म्हणाल्या. म्हातारं होऊन करायचं काय, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

“बपेऱ्याची हाये,” आजी सांगत होती. “भावना नाव. नवरा मेला, लेकरू नाही. सासरच्यांनी तिचं ताट येगळं केलं, तं ते माहेरी आली. तिथंही तेच. तुह्याहून दोन वर्सानं मोठी हाये, पण चालते.”

“मी त बपेऱ्याले कधी गेलोच नाही. तिनं मले कुठं पाहलं?”

“पाहलं कुठंतरी. तुले कायले पाहिजे?”

“मी आतमधी हाओ, हे माहीत हाये तिले?”

“हाये.”

“अन् तरी हो म्हणते?”

“तरी म्हणते. मी काय आजच सोयरिकी जुळवून राहिली? अर्ध्या मोहाडीचे लगनं माह्या हातचे हायेत. जोड बरोबरीची पाहिजे, बापू. मंग कोणी कोणाले टोमणा मारत नाही.”

बरोबरीची! धम्मदीपला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आधीच लोकांनी टाकलेली एक बाई. आजीच्या या हौसेपायी ती त्याच्या हाती पडणार. तिला कोणी काही सांगणार नाही. आणि आजी? शब्द मोडला तर आजी कोणाला तोंड दाखवणार नाही. त्याला तर नाहीच नाही.

आजूबाजूला सगळेच ओरडत होते. कोणी वकिलाला शिव्या देत होतं, कोणी लेकराला पप्पा म्हण म्हणत होतं. धम्मदीपनं जाळी घट्ट धरली.

“आजी, तिचं वाटोळं होईल. मले एचआयव्ही हाये.”

त्यानं डोळे मिटले. तिच्या चपला फटफट वाजत दूर जातील, याची तो वाट पाहत राहिला. भेट संपल्याची घंटा झाली. माणसं हलू लागली. शिपाई ‘चला, चला’ करत आला.

धम्मदीपनं डोळे उघडले. धुरपताबाई जागेवरच होती. पदरानं नाक पुसत होती.

“बयताड कुठला,” ती म्हणाली. “डोळे दाखवाले मी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेली होती. तिथं तुले पाहलं, याच आजाराच्या गोळ्यावाल्या खिडकीपुढं, पोलिसासंग. तुही मान खाली होती, म्हणून तुले मी दिसली नाही. अन् तुह्या मागं गोळ्या घ्याले उभी होती, तेही दिसली नाही. तेच भावना.”