सुई टोचल्यावर

शिवप्पाला एवढी थंडी वाजत होती की खाट हलत होती. सिस्टरनं त्याच्या हाताची शीर शोधली, सलाईनची नळी आत सरकवली, सुई बाहेर काढली आणि तेवढ्यात त्याला पुन्हा हुडहुडी भरली. हात उडाला, नळी निसटली. सुई तिच्या बोटात गेली.

“काही नाही काका, होतं असं,” धम्मप्रिया म्हणाली. नर्सिंग संपवून ती नुकतीच या दवाखान्यात लागली होती. हातात ग्लोव्हज नव्हते. बोटावर रक्ताचा थेंब आला, तशी ती बोट दाबून रक्त काढायला लागली.

“दाबू नका, ताई. साबण लावून नळाखाली धुवा,” शिवप्पा म्हणाला.

ती धुवायला गेली. उशाशी बसलेल्या सोनाबाईनं नवऱ्याचा खांदा धरला. “आता गप पडून ऱ्हावा. मागं पोट दुखत हुतं तवा खरं सांगितलं, तर दारातनंच परत धाडलं. इसरलासा व्हय?”

तो विसरला नव्हता. म्हणूनच इथं भरती होताना दोघंही काही बोलले नव्हते. आता गप्प राहिलं तरी कुणाला कळणार नव्हतं. डेंग्यू उतरला की अक्कलकोटची एसटी धरायची. पण पोरगी बोटाला कापूस लावून हसत परत येत होती.

“ताई, मला एचआयव्ही हाय,” शिवप्पा म्हणाला. “लई वर्सं झाली. गोळी रोज घेतो. रक्तात विषाणू दिसत न्हाई म्हनत्यात. तरीबी डाक्टरास्नी आत्ता सांगा. तुमाला लगेच औषध घ्याया पायजे.”

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडं वळला. धम्मप्रियानं ट्रे उचलला आणि ती निघून गेली.

डॉक्टर आले, गोळ्यांचं विचारून गेले. दारात ते धम्मप्रियाला म्हणाले, “विषाणू दिसत नसतील तर धोका जवळजवळ नाहीच. पण आपण खबरदारी घ्यायची. सिव्हिलला जा. पहिली गोळी आजच, मग महिनाभर रोज.”

सोनाबाईनं चादरीची घडी केली, तांब्या, भाकरीचं फडकं, सगळं पिशवीत भरलं. निघा म्हणून सांगायला कुणी येईल, म्हणून दोघं दाराकडं बघत राहिले. कुणीच आलं नाही. शिवप्पाचे ओठ सुकून गेले.

दोन तासांनी आली ती धम्मप्रियाच. ग्लोव्हज घातलेले, डोळे लालसर.

“आधी का नाही सांगितलंत?”

“आदी सांगितलं असतं तर खाट मिळाली असती का, ताई?”

स्टूल ओढून ती बसली. “ग्लोव्हज मी घालायलाच हवे होते. ते सगळ्यांसाठीच असतात. आणा हात, नळी पुन्हा लावू.” मग हळूच म्हणाली, “गोळी घेतली. मळमळतंय.”

“जेवून घेत जावा. चार दिवसांनी काय वाटत न्हाई. पर चुकवायची न्हाई.”

“घरी सांगितलंस का गं पोरी?” सोनाबाईनं मधेच विचारलं.

धम्मप्रियानं मान हलवली. “आई घाबरेल.”

“घाबरू दे. सांग. ह्येंनी पयलं वरीस गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. रोज रातच्याला स्वयंपाकघरात जायाचे, मला बगून दचकायचे.” सोनाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. “मला वाटायचं, दुसरी बाई केलीया ह्येंनी.”

धम्मप्रियाला हसू फुटलं. सुई नीट शिरेपर्यंत तिनं ते दाबून धरलं.