मेयरचं काम

आमच्या जेरोला रीत म्हणून राहिली नाही. पन्नाशीचा झाला तरी मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात घुसणारा माझा थोरला, काल पुढच्या दाराची घंटा वाजवून परक्यासारखा उभा. मागे एक पोलीस.

"मादाम विदालँक," म्हणाला. मला, सख्ख्या आईला.

"काय रे, मतं मागायला आलास?" मी म्हटलं.

त्याचा पक्ष एवढासा. पॅरिसात त्याला कुत्रं विचारत नाही, पण आमच्या डोंगरातल्या गावोगावचे मेयर त्याच पक्षाचे, आणि आमच्या गावचा मेयर जेरो. वाईट बातमी असली की मेयरने स्वतः दारात जाऊन सांगायची, याचा त्या लोकांना भारी अभिमान. धाकटा रेमी मागल्या निवडणुकीत मोठ्या पक्षाकडून जेरोविरुद्धच उभा राहिला, "म्हाताऱ्यांचा पक्ष" म्हणून भर चौकात हसला. तेव्हापासून जेरोने त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

"मेयर म्हणून कळवावं लागतंय," जेरो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमचा मुलगा रेमी... उतारावर ट्रॅक्टर उलटला. गेला तो."

मी चौकट धरली. तो ताठ उभाच होता, प्रचाराच्या फलकावरच्या फोटोसारखा.

"मेयरसाहेब, तुमचं काम झालं," मी म्हटलं. "आता तुम्ही जा, आणि माझ्या जेरोला आत पाठवा. त्याचा भाऊ गेलाय."