पायथ्याशी जागा

दुपारी बाबांनी पुन्हा पाय पोटाशी घेतले. पलंगाच्या पायथ्याशी एका माणसापुरती जागा झाली.

ती उशापाशी उभी राहून बघत होती. गेल्या वर्षी याच वॉर्डात आईनेही असेच पाय आवळून घेतले होते, आणि मग ती गेली. तेव्हा सिस्टर हळूच म्हणाली होती, की कुणाला तरी बसायला अशी जागा करून देणारे पेशंट घरी जात नाहीत.

ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. गेलेली माणसं लक्षात राहतात, बरी झालेली विसरली जातात. सिस्टरची चूक एवढीच असणार, असं तिला वाटत होतं. बाबांनी पहिल्यांदा पाय आवळले त्याच दिवशी तिने सिस्टरच्या मागे लागून वॉर्डात गेलेल्या आणि बरे होऊन घरी गेलेल्या, अशा दोन्हीकडच्या पेशंटच्या घरचे नंबर मिळवले, चिठ्ठ्या टाकून निवडले आणि घरोघरी फोन करून एकच प्रश्न विचारला: इथे असताना ते पाय आवळून जागा करायचे का? काहींनी फोन आपटला. एका सुनेने विचारलं, आता काय पायांचं वेगळं बिल लावणार का.

आज उत्तर आलं. सिस्टर सलाईन बदलत असताना तिने ते सांगून टाकलं. गेलेल्यांपैकी दहात चौघांनी जागा केली होती; घरी गेलेल्यांतही जवळपास तेवढ्यांनीच. दोन्हीकडचं प्रमाण एकच आहे असं धरलं, तरी इतका फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

"म्हणजे याचा मरणाशी काही संबंध नाही," ती म्हणाली. एखादा विद्यार्थी इतक्या खात्रीने हे बोलला असता, तर फरक दिसला नाही म्हणजे संबंध नाहीच असं ठरत नाही, म्हणून तिने त्याला तिथेच टोकलं असतं.

सिस्टरने नळीला टिचकी मारली. "बरं झालं, ताई. पण मग घरी गेलेल्यांकडेही कुणीतरी येऊन बसतच होतं की."

सिस्टर गेली. जागा कुणासाठी, हे आपण एकालाही विचारलं नाही, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"बाबा, कोण बसतं तिथे?"

बाबांनी डोळे उघडले. "कोण बसणार? तुझ्यासाठी केलीय. आल्यापासून उभीच आहेस. आईच्या वेळीही उभीच होतीस."

ती पायथ्याशी बसली. बाबांच्या पावलांना तिचा हात लागला. पावलं गार होती. चादर मात्र उबदार होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.